झाड ठाऊक असलेला कोळसा

जगात जेवढी म्हणून संकटं आहेत, आणि जी अजून यायची राहिली आहेत, त्या सगळ्यांवर मिळून एकच औषध आहे आणि ते कोळशाच्या वखारीत मिळतं, असं मानणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी मामी. मामी सख्खी नव्हे. माझ्या आईच्या चुलतभावाच्या मेहुण्याची ती बायको. या नात्याला मराठीत शब्द नाही, म्हणून मामी. पण आठवीत शाळा सुटलेली, घरात चार वर्षं नुसती बसलेली मी कणकवलीजवळच्या आमच्या गावातून अठराव्या वर्षी अंधेरीला आले, तेव्हा वळकटी पसरायला जागा दिली ती या शब्द नसलेल्या नात्यानेच. ते उपकार तिने एकदाही बोलून दाखवले नाहीत. हे मी आधीच लिहून टाकते, कारण यापुढे मी बहुतेक तक्रारच करणार आहे.

पहिल्या दिवशी तिने मला घरातच घेतलं नाही. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, हातात ट्रंक, रात्रभराच्या एसटीने डोकं भणभणलेलं, आणि ही मला उंबऱ्याबाहेर थांबवून आतून कोळसा घेऊन आली. तो माझ्यावरून तीन वेळा ओवाळला आणि गॅलरीच्या कठड्यावरून खाली भिरकावला. खालून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, काय टाकताय वरून?" मामीने वाकूनसुद्धा बघितलं नाही. "तां तुमचां नाय," एवढंच म्हणाली. मग दुसरा कोळसा काढून तिने माझ्या डाव्या तळपायाला फुली मारली, ट्रंकेला मारली, आणि थोडा विचार करून छत्रीलाही मारली. मला वाटलं, नव्या माणसासाठी असेल. पुढे कळलं की मामा दुधाची पिशवी घेऊन आले तरी कमीअधिक हेच होतं.

कोळशाचं तिचं शास्त्र माहेरचं होतं, देवगडकडचं. तिकडे बाळंतिणीच्या दाराला कोळशाच्या तीन रेघा, बाळाच्या उशीखाली एक तुकडा, दारावरच्या लिंबू-मिरचीच्या खाली एक, आणि होळीतला कोळसा वर्षभर फडक्यात बांधून आढ्याला. तिची आजी म्हणे अंगात आलेल्या माणसाभोवती कोळशाने रिंगण काढायची आणि आतलं जे काय असेल ते रेघेपाशी येऊन रडायचं. बरं, कुणाचं वाईट करायचं असेल तरी कोळसाच. मडक्यात कोळसा, केस आणि तांदूळ घालून दुसऱ्याच्या कुंपणात पुरायचं. मी एकदा विचारलं, "मामी, करणीपण कोळशाने आणि उतारापण कोळशानेच, हे कसं?" तिला प्रश्नच बावळट वाटला. "करतलो तोच, काढतलो तोच," ती म्हणाली. "पोलिसासारखो."

मामा पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते एका सोसायटीत वॉचमन झाले. याला कोण कोण जबाबदार आहे यावर चाळीत तासन् तास वाद व्हायचे. मामीचं मत वेगळं होतं. "गिरणीच्या गेटार एक कोळसो लावलो आसतो, तर आज गिरण चालू आसती." मामा सहसा बोलत नसत, पण या वाक्याला त्यांना राहवायचं नाही. "अगो, बॉयलरपाशी कोळशाचे डोंगर होते! डोंगर!" यावर मामी त्यांच्याकडे अशी बघायची की वाटावं, यांच्यामुळेच गिरणी बंद पडली. "तो दगडी कोळसो. जमनीतलो. तेका झाड म्हायत नाय, तो काय राखतलो?" मामा चहाची बशी उचलून गॅलरीत जात. तर कोळसा हा असा झाड ठाऊक असलेला लागायचा. आंब्याचा नजरेला, खैराचा करणीला, फणसाचा किरकोळ कामाला.

अशात आमच्याकडे गॅस आला. चाळीतल्या बायका पेढे वाटत होत्या आणि मामी शेगडीशेजारी सुतक धरल्यासारखी बसली होती. शेगडी गेली म्हणजे घरातला कोळसा गेला. पुढे नाक्यावरची वखारही उठली आणि तिथे व्हिडिओ कॅसेटचं दुकान आलं. मग मामीने जिन्याखालच्या इस्त्रीवाल्या भय्याला धरलं. त्याच्या इस्त्रीच्या पोटात लाकडी कोळसाच असायचा. रोज सकाळी ती पदराखाली वाटी घेऊन त्याच्यासमोर उभी.

"भय्या, ये आम का है क्या?"

"माताजी, ये कोयला है."

"वो मालूम. किसका?"

"हमरा है, माताजी. और किसका?"

हा संवाद मी वर्षभर रोज ऐकला आणि दोघांपैकी एकालाही कधी कंटाळा आला नाही.

आता माझं दुखणं सांगते. मला काम मिळालं होतं मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, परदेशात शर्ट पाठवणाऱ्या एका कारखान्यात, चेकर म्हणून. शर्ट पांढरे. नुसते पांढरे नव्हेत, डोळे दिपवणारे. माझं काम म्हणजे टेबलावर शर्ट उलटासुलटा करून डाग शोधायचा. तेलाचा, बोटाचा, पेन्सिलीचा, कसलाही. आणि या कामाला जाणाऱ्या मुलीच्या अंगावर तिची मामी रोज कोळसा पेरून पाठवायची. डब्यावर, झाकणाखाली, तर असायचाच, कारण मासळीचा डबा घेऊन बाहेर पडलं की वासाने वाटेवरचं काहीतरी मागे लागतं आणि डब्यावरचा कोळसा बघून परत फिरतं. शिवाय एक पर्समध्ये, एक छत्रीच्या घडीत. मी रोज स्टॉपवर उभी राहून स्वतःची झडती घ्यायचे, आणि रांगेतल्या बायका सरकून उभ्या राहायच्या.

तरी एक राहिला. रुमालाच्या गाठीत. घाम पुसला, हात कॉलरला लावला आणि लक्षात येईपर्यंत अकरा कॉलरी काळ्या. आमच्या सुपरवायझर मॅडम गोराईच्या. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून यायच्या, कधी एक मिनिट उशीर नाही. बाई वाईट नव्हत्या, पण पांढऱ्या कापडाच्या बाबतीत त्यांना दया येत नसे. त्यांनी अकराच्या अकरा कॉलरी माझ्यासमोर मांडल्या.

"तू डाग शोधायला आहेस की पाडायला?"

मी काय सांगणार? मामीचं शास्त्र?

"हे बघ, उद्या मोठे साहेब येणार आहेत. कोणाला पर्मनंट करायचं ते उद्याच ठरणार. मला विचारतील, तर मला सांगावं लागेल. खोटं मी बोलणार नाही."

वडिलांचं पत्र ट्रंकेत होतं. दिवाळीपर्यंत कायम झालीस तर राहा, नाहीतर परत ये, मुंबईत दुसऱ्याच्या घरी किती दिवस राहणार. परत जाऊन काय करायचं ते मला माहीत होतं. चार वर्षं केलं होतं. खळ्यात बसून रस्त्याकडे बघायचं.

त्या संध्याकाळी मी मामीवर ओरडले. जिच्या घरात राहते, जिच्या हातचं खाते, तिच्यावर. "तुझ्या कोळशाने माझी वाट लावली, मामी! नोकरी गेली माझी! उद्यापासून अंगावर नको, पर्समध्ये नको, डब्यावर नको. शपथ घे!" शेजारचे रेडिओ बंद झाले. मामा बशी घेऊन गॅलरीत गेले, बशीत चहा नसताना. मामीने हातातली कोळशाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरां. डब्यार कोळसो घालूचंय नाय. देवाशप्पथ." मला लगेच रडू आलं. तिचा चेहरा कोणीतरी देव्हारा उचलून नेल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी झडती घेतली. पर्स स्वच्छ. छत्री स्वच्छ. रुमाल नवा. डब्याच्या वरच्या पुडात नुसता भात. मामीने शब्द पाळला होता, आणि मला सकाळभर स्वतःचीच लाज वाटत होती. दुपारी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या, वास घेत. "काय आणलंस? बांगडा?" बांगड्याचं तिखलं होतं, आमच्याकडचं झणझणीत कालवण, आमसुलं आणि त्रिफळं घालून, दाट. गोराईच्या बाईला बांगड्यापासून कोण दूर ठेवणार? आणि मीही म्हटलं, खाऊ दे बिचारीला, जरा मऊ पडली तर पडली. त्यांनी बांगडा खाल्ला, रस चाटला आणि म्हणाल्या, "आमसूल मी घेते हां. मला चोखायला आवडतं." बोटाने एक काळं, रसरशीत आमसूल उचललं आणि तोंडात टाकून दाढेखाली धरलं.

कर्रकन् आवाज झाला.

मामीने शब्द पाळला होता. डब्यावर नाही घातला. आत घातला. तिखल्यात, आमसुलांच्या मध्ये, त्यांच्याच मापाचा तुकडा बघून.

मॅडमचे डोळे मोठे झाले. त्या काही बोलणार, एवढ्यात दारातून मोठे साहेब आत आले, त्यांच्यामागे मॅनेजर, हातात यादी. मॅडमनी तोंड मिटलं. काय करतील? दात, जीभ, ओठांची आतली कड, सगळं काळं कुळकुळीत. थुंकायला जागा नाही, पाण्याचा नळ साहेबांच्या पलीकडे. साहेब एकेक नाव वाचत होते आणि विचारत होते, "हिचं काम कसं?" मॅडम मान हलवत होत्या. माझं नाव आलं. "हिच्याबद्दल काही तक्रार?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला आयुष्यात कोणी तसं बघितलेलं नाही. दोन्ही ओठ घट्ट दाबून त्या उभ्या राहिल्या. सांगायचं तर तोंड उघडायला हवं. क्षणभर थांबल्या, आणि मग हळूच डावीकडून उजवीकडे मान हलवली. साहेबांनी टिक केली आणि ते पुढे गेले.

चूळ भरून आल्यावर त्या माझ्यापाशी उभ्या राहिल्या.

"कोळसा होता ना तो?"

"हो, मॅडम."

"दात घासायचा?"

"नाही, मॅडम. दुसरा."

"अच्छा." त्यांनी बराच विचार केला. "मी खोटं बोलले नाही हां. मी बोललेच नाही." आणि जाता जाता, "उद्या तो नको. पण बांगडा आण."

घरी येऊन मी मामीला सगळं सांगितलं. ओरडण्यासाठीच सांगायला घेतलं होतं, पण ऐकता ऐकता ती अशी फुलत गेली की माझा राग वाटेतच संपला. "तिच्याच तोंडात गेलो मगे? तोंडच बंद झालां मगे?" ती मामांकडे वळली. "बघितलास? आंब्याचो होतो." मी कपाळाला हात लावला. या बाईशी वाद घालून उपयोग नव्हता, आणि त्या दिवसापासून तर माझ्याकडे वाद घालायला काही उरलंही नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं आणि मी बोरीवलीला राहायला गेले. मामांचं वॉचमनचं काम सुटलं, मामीचे गुडघे जिन्याला नको म्हणू लागले, आणि एका गणपतीला दोघं गावी निघाली ती परत न येण्यासाठी. एसटी बोरीवलीहूनच होती. वाटेसाठी मी डबा केला, बांगड्याचाच, आणि बांधताना हात थांबला. घरात गॅस. इस्त्रीवाल्याकडे गेले, तर त्याने विजेची इस्त्री घेतली होती आणि मोठ्या कौतुकाने तो मला ती दाखवू लागला. शेवटी नॅशनल पार्कच्या फाटकाशी कणसं भाजणाऱ्या बाईकडे जाऊन मी एक विझलेला तुकडा मागितला. "कशाला?" तिने विचारलं. "माझ्या मामीला," मी म्हटलं. तिने आणखी काही विचारलं नाही. चांगला बघून दिला.

स्टँडवर मामीने गाडीत चढण्याआधीच डबा उघडला, जशी मी तिचा उघडायचे. वरचा कोळसा उचलून उजेडात धरला, नखाने खरवडला, वास घेतला.

"खंयच्या झाडाचो?"

"माहीत नाही गं, मामी. कणीसवालीचा आहे."

ती बराच वेळ बघत राहिली. मी अठराव्या वर्षी उंबऱ्याबाहेर उभी होते तशीच उभी होते.

"बाभळीचो दिसता," ती म्हणाली. "चलात तोपण."

मग अंगठा जिभेला लावला, कोळशावर घासला आणि माझ्या कानामागे टेकवला. तुकडा डब्यात ठेवून झाकण लावलं. गाडी गेली.

मी तिथून तशीच मरोळला कामावर गेले. मॅडम टेबलामागून जाता जाता थांबल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"कानामागे डाग आहे गं तुझ्या."

"हो, मॅडम."

"पुसू?"

"नको."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "बरं. कॉलरीपासून लांब ठेव."