मोहोरबंद नळीतलं यीस्ट

वडील गुळवे होते. त्यांच्या गुऱ्हाळाचा ऊस साखर कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मागोमाग दुष्काळ आला. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात थापतानाच फुटणाऱ्या मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, नाहीतर कामावर मिळालेली सुकडी. अशा घरातून मी नगरला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलं नव्हतं, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो.

घरची एक सवय मात्र बरोबर आली. गूळ नीट बसला नाही की वडील आधी चुलाण बघत नसत, माणसं बघत. "काहिलीत मिठाची चिमूट कुणी टाकली?" म्हणत एकेकाच्या हातांवर नजर फिरवत.

श्रीरामपूरकडच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत मला हंगामी नोकरी लागली. साखर काढून उरलेली काळी मळी पाण्यात कालवायची, तिच्यात यीस्ट सोडायचं. ते उरलीसुरली साखर खाऊन अर्क करतं. त्या वर्षी ऊस कमी, मळी जुनी आणि जहाल. साधं यीस्ट तिच्यात मान टाकायचं. मी त्याला थोडी थोडी वाढवत मळी चारली, तेव्हा ते सरावलं.

चीफ केमिस्ट म्हणाले, "टिकलं तर तुम्हाला कायम करायची शिफारस करतो. नाही टिकलं तर रामराम."

मी कायम झालो तरच आई-वडिलांची खडी सुटणार होती.

ते यीस्ट मी परीक्षानळ्यांत जपलं. दर खेपेला नळीतलं थोडं घ्यायचं, वाढवायचं आणि टाकीत सोडायचं. सुरुवातीच्या टाक्या छान फसफसल्या. मग एक मंदावली. तिच्यामागून दुसरी.

माझी नजर टाकीवरच्या चाचांकडे गेली. पिकल्या दाढीचे, तोंडाळ. आसपासच्या हातभट्टीवाल्यांना टाकीतला माल विकून वरून पाणी ओतत असतील, असं माझ्या मनानं घेतलं.

"चाचा, टाकीत पाणी कुणी ओतलं?"

"आमीच ओतलं! आन तुमी त्या नळीत काय औषद घालता, ते आमी इचारलं का कदी? तुमी आल्यापासून टाकी झोपाया लागली, ग्रॅज्वेटसाहेब."

म्हणजे त्यांचा संशय माझ्यावर. मी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं, किल्ली कडदोऱ्याला बांधली. नळ्यांच्या बुचांवर मेण ओतून त्यावर अंगठा उठवला.

चाचा बघत होते. "एवडं शिकून बी अंगठाच व्हय?"

पुढची टाकीही झोपली. कुलूप जसंच्या तसं, मेणावरचा अंगठा माझाच.

"आता चोर कोन?" चाचा हसले. "कडदोऱ्याची झडती घ्या."

संशय घ्यायला माणसं संपली. उरलं यीस्ट. त्या दिवसापासून मी त्याच्यावरच पाळत ठेवली. नळीत त्याला काय मिळत होतं? माल्टचा गोड, नितळ खाऊ. मिलो खाऊन दिवस काढलेल्या माणसाला जपायचं म्हणजे चांगलं खायला घालायचं, एवढंच ठाऊक. त्या सुखात मळी सोसणारे मागे पडत होते आणि नाजूक पोसले जात होते. पिढ्यांमागून पिढ्या तशाच. मळीचा गुण या नाजुकांच्या वंशात उतरलाच नव्हता, नुसती सवय होती.

मग मी ते यीस्ट काचेच्या बशांत विरळ पसरलं. प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच पेशीचं खानदान. प्रत्येकाला वेगळ्या नळीत पुन्हा पुन्हा गोडावर वाढवलं आणि मग एकदम जहाल मळीत ढकललं. बहुतेक निजली. एक उसळलं.

माझा विश्वास बसेना. नळ्यांवरच्या खुणा कागदानं झाकल्या आणि चाचांना म्हणालो, "यातली चांगली फसफसलेली काढा."

"मला साक्षीदार करताय का आरोपी?"

"आधी काढा तर."

त्यांनी तीच काढली. चीफ केमिस्टांनी ती उजेडात धरून विचारलं, "आज चाललं. उद्याचं काय?" त्यांचंही बरोबर होतं. मी तिच्यातलं यीस्ट परत गोडावर ठेवलं, परत मळीत टाकलं. तरी फेस तसाच. तेव्हाच ते यीस्ट टाकीत गेलं, आणि फेस काठाला लागला.

"आता तरी कुलूप काढा," चाचा म्हणाले.

मी काढलं नाही.

त्या एका ठिपक्याचं यीस्ट पुढच्या हंगामातही गोडावरून थेट मळीत गेलं आणि बदललं नाही. मी कायम झालो, आणि आई-वडिलांची खडी सुटली.