नमुन्याचा टी-शर्ट

खून, दरोडे पुष्कळ हाताळले. त्यांतले बरेच आता नीट आठवतही नाहीत. धुळ्यातला हा गुन्हा त्यांच्यापुढे किरकोळ होता, पण तो काही केल्या विसरता येत नाही, आणि आठवला की स्वतःचीच चीड येते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका मोटारसायकल कंपनीचा प्रतिनिधी मुंबईहून आमच्या पोलीस ठाण्यात आला. कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह छापलेला टी-शर्ट त्याने टेबलावर ठेवला. सावद्याकडची केळीबागायतदारांची गाडीवेडी पोरं कंपनीला न विचारता छापलेले असे टी-शर्ट घालून हिंडत होती. ते छापणाऱ्या पेंटरचे नाव, गल्ली, घराची खूण, सगळे त्याच्याकडे लेखी तयार होते. "खात्रीची खबर आहे," एवढेच तो म्हणाला. इतकी नेमकी खबर आली कुठून, हे विचारायचे तेव्हा मला सुचले नाही.

गुन्हा अदखलपात्र, म्हणून कोर्टाची परवानगी आणि झडतीचे वॉरंट घेतले. दोन पंच घेऊन गेलो. पेंटर पस्तिशीचा, काटकुळा. सोबतचा माणूस कंपनीचा आहे हे कळताच त्याचा चेहरा उजळला. त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितले. आम्ही छपाईच्या चौकटी जप्त करू लागलो तेव्हा कुठे आम्ही कशासाठी आलो ते त्याच्या ध्यानात आले.

ठाण्यात मी त्याला चांगलेच फैलावर घेतले. यामागे सुरतेचा कोणी व्यापारी असणार, अशी माझी पक्की समजूत.

"मागे कोण आहे? नाव सांग."

"कोणीच नही, साहेब. बठ्ठं मनंच काम शे. आठ वरीस व्हयनात, डीलरकरता हाऊच शिक्का मी भीतवर काढस. भीतवर काढं ते मजुरी, आन कपडावर काढं ते गुन्हा?"

सगळे काम आपलेच म्हणतो! मी टेबलावर हात आपटला. तो घाबरून म्हणाला, "साहेब, तो टी-शर्ट मीच धाडा तेस्ले."

कंपनीला टी-शर्ट आपणच पाठवला, ही मला थाप वाटली. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधीकडून मूळ कागद मागवले, तर त्यात पेंटरचेच पत्र निघाले. सुरेख अक्षरात लिहिले होते, "आमच्या खानदेशात आपल्या गाडीवर लोकांचा फार जीव आहे. नमुना पाठवत आहे. पसंत पडल्यास जिल्ह्यातल्या भिंती रंगवण्याचे काम द्यावे." खाली घराच्या खुणेसकट पत्ता. हीच ती खात्रीची खबर.

समज देऊन सोडू या, असे मी प्रतिनिधीला सुचवले. तो म्हणाला, "एकाला सोडलं तर उद्या गल्लोगल्ली छापतील." त्याचेही चुकीचे नव्हते. मी ते पत्र पुराव्यात जोडले. त्याहून भक्कम पुरावा मिळालाही नसता.

पेंटरने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. दंड झाला, मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम झाला. डीलरने त्याआधीच त्याच्याकडच्या भिंती काढून घेतल्या होत्या. पोलीस केस झालेला माणूस म्हणून इतर दुकानदारही त्याला बोलावीनात. पुढे तो सुरतेला हमालीला गेल्याचे कानावर आले.

कायदा बरोबर होता, तपास बिनचूक होता, आणि एका सरळ माणसाचा हातचा धंदा मी घालवला. यातून काय शिकलो? खबर कुठली, हे त्यानंतर प्रत्येक फिर्यादीला आधी विचारत गेलो. त्याचा त्या पेंटरला काय उपयोग?

ठाण्यामागे चौकटी जाळल्या, तेव्हा तो तिथे होता. पंचनामा संपल्यावर जवळ येऊन त्याने हळूच विचारले, "साहेब, तेस्ले चित्र आवडनं का?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो. प्रतिनिधी जीपपाशी, पाच पावलांवर उभा होता. मी विचारले नाही.