मंदाचा राखीव गंज

मंदा गेली त्याला आज वर्ष झालं, आणि मी सकाळपासून हसून राहिली आहे.

सून म्हणाली, "आई, आज तरी गप बसा. लोक काय म्हणतील?"

म्हणू दे. मंदाची आठवण रडत काढताच येत नाही, मी काय करू?

मंदा माझी पुतणी, धाकट्या जावेची लेक. मला मोठी आई म्हणायची. आमगावच्या आमच्या घरातली पहिली इंजिनियर.
हैदराबादच्या एका कंपनीत ड्रायव्हर बनवायची.

मी चौथी शिकलेली. ड्रायव्हर म्हटल्यावर मला ट्रकचाच माहीत. साऱ्या नातेवाईकांत सांगून आली.
तर सडक अर्जुनी गावचे एक पाव्हणे घरी येऊन विचारतात, "बाई, आमच्या जावयाले लायसन काढून देते का तुमची मंदा?"

मंदा पोट धरून हसली. मग मला समजावलं, की कॉम्प्युटरातला ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्राम. मेमरीतला माल उचलून हार्डडिस्कवर नेऊन ठेवणारा.

"मग हमालच ना वो?"

"हो मोठी आई, हमालच."

तिच्या भावाच्या साखरपुड्याला ती आली, त्या वेळची गोष्ट. घरात नवानवा मोबाईल आला होता तेव्हा.
आली पण तोंड उतरलेलं. सारखी साहेबाशी फोनवर.

"काय झालं वो?"

"साहेब म्हणते, राखीव जागा काढून टाक. सोमवारपर्यंत. नाही तं काम दुसऱ्याले देतो."

"कायची जागा?"

मग सांगत बसली. मेमरी भरली की थोडा माल हार्डडिस्कवर टाकून जागा मोकळी करतात. पण माल उचलायला ड्रायव्हरलाही थोडी रिकामी जागा लागते. तिला बफर म्हणतात. मंदाने ती जागा मशीन सुरू होतानाच बाजूला काढून ठेवली होती.
साहेबाचं म्हणणं, ही जागा दिवसभर नुसती पडून राहते. कशाला अडवायची? लागेल तेव्हा मागून घे.

"तीन वर्षं झाले या कामाले, मोठी आई. अन् हे काऊन लागते, ते मले दोन शब्दात सांगता येत नाही."

मला काहीच समजलं नाही. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "आधी जेव."

दुसऱ्या दिवशी साखरपुडा. मागच्या अंगणात चार चुली, चार गंज भात.
गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. भात शिजला की त्याची पेज दुसऱ्या गंजात काढायची. पेज फेकायची नाही, ती गोठ्यातल्या म्हशींची.
म्हणून पाचवा गंज मी नेहमी रिकामा ठेवते. कोणाला हात लावू देत नाही.

त्या दिवशी जावेने त्यात भेदराची भाजी ओतली. भेदरं म्हणजे टमाटर, बाहेरगावच्यांसाठी सांगते.

"रिकामाच तं पडला होता, बाई," म्हणते!

आणि चारही भात एकदम झाले.
पेज काढायला रिकामा गंज पाहिजे. आणि भाताचा गंज रिकामा करायला आधी त्याची पेज काढली पाहिजे.
आम्ही दोघी जावा हातात फडकी घेऊन एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या. भाताची लापशी होऊन राहिली.

मी ओरडली, "तो रिकामा नव्हता वो! तो राखीव होता!"

मागून मंदा किंचाळली. मला वाटलं पोरीला चटका बसला.

"मोठी आई, हेच! हेच तं मी साहेबाले सांगून राहिली!"

तिथल्या तिथे फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. साहेब हिंदीवाला. मला काय, गोंदियाच्या बाजारात मी हिंदीतच भांडते.

"साहब, सब गंज भर दोगे तो भात का माड किसमें निकालोगे?"

"गंज? आप कौन, माताजी?"

"मंदा की बड़ी माँ. गंज मतलब बर्तन. यहाँ किसी ने आपके जैसा ही सोचा, चार गंज भात बिगड़ गया."

साहेब हळूच, "कितने बर्तन खाली रखने पड़ते हैं?"

"एक. एक से काम धीरे होगा, पर रुकेगा नहीं. सब भर गया, तब माँगोगे तो कौन देगा? पहले से रखना पड़ता है."

साहेब हसला. म्हणाला, मंदा को दीजिए.

इकडे व्याही ताटावर म्हणाले, "भात जरा मऊ झाला."
माझी जाऊ वस्ताद. "तुमच्या आईले दात नाहीत, म्हणून मुद्दाम!"

सोमवारी मंदाने ऑफिसात दोन्ही तऱ्हेने मशीन चालवून दाखवली. मेमरी तुडुंब भरली. राखीव जागा काढून टाकली तर मशीन जागच्या जागी अडकली. जागा ठेवली तर रखडत चालली, पण चालली.

संध्याकाळी फोन आला तर नुसता रडायचा आवाज. मी घाबरली.

"मोठी आई, ऐकलं वो त्यायनं. सगळ्यायनं शेवटपर्यंत ऐकलं."

तेव्हा मला समजलं. तीन वर्षं ती ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत एकटीच पोरगी होती. तिने बोलायला सुरुवात केली की लोक घड्याळ बघायचे. हे तिने तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

मागच्या वर्षी आजाराने नेलं तिला. चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

तेरवीला एक पिकल्या केसांचा माणूस हैदराबादहून आला. माझ्याजवळ येऊन खाली बसला. तो साहेब.

म्हणाला, "माताजी, उसके बाद मंदा मीटिंग में बोलती थी, तो मैं पेन नीचे रख देता था."

मंदा, हे असं तू माझ्यासाठी लिहायचं होतं. मी तुझ्यासाठी लिहून राहिली.
नीट राहा, बाई. तुझ्या मोठ्या आईचे तुला आशीर्वाद.