शिकारीच्या पहिल्या दिवशी जळालेलं घर

माझ्या वहिनीनं, बर्निस कुबियाकनं, सोळाव्या वर्षी स्वतःच्या बापाचं मनगट बिडाच्या तव्यानं मोडलं. बाप पिऊन आला होता आणि आईच्या अंगावर धावला होता. पुन्हा तो कधी धावला नाही. आमच्या टॅनरी स्ट्रीटवर बर्निसची ओळख करून द्यायला एवढं पुरतं, बाकीचं लोक तिच्या हातांकडे बघून समजतात.

वॉल्ट माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. रस्त्याच्या टोकाला गाड्यांच्या बंपरला क्रोमचा मुलामा देणारा कारखाना होता, तिथं तो हौदावर उभा असायचा. त्या वाफेनं नाकातला पडदा झिजतो. वॉल्टच्या नाकात आरपार भोक पडलं होतं. शनिवारी बारमध्ये तो एका नाकपुडीत दोरा घालायचा, दुसरीतून बाहेर काढायचा आणि पैजेची बिअर फुकट प्यायचा. आम्ही पोट धरून हसायचो. एकदा बर्निस त्याला शोधत आत आली आणि तिनं तो दोरा पाहिला. सगळ्यात मोठ्यानं मी हसत होतो, म्हणून मुस्काटात मला बसली. माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते.

वॉल्ट पन्नाशीच्या आतच फुफ्फुसांनी गेला. कारखानाही गेला. मालक रातोरात पसार झाला आणि विषानं भरलेली पिंपं गंजत तिथंच राहिली. बर्निसनं परसातल्या शेडमध्ये हरणं सोलायचा धंदा उभा केला. मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळा बंद, दुकानं बंद, अर्धं गाव जंगलात. मारलेलं हरीण बर्निसकडे आणायचं, ती ते हुकाला उलटं टांगून कातडं उतरवणार, तुकडे करणार, उरल्यासुरल्याचे सॉसेज भरून देणार. तिच्याइतका साफ हात मी दुसरा पाहिला नाही.

मग एका वसंतात तिच्या तळघरात पाणी झिरपलं. हिरवट पिवळं, कडू वासाचं. तिनं लोणच्याची बरणी त्या पाण्यानं भरली आणि थेट गावाच्या सभेत गेली. एक सभासद म्हणाला, "बाई, जुन्या घरांत थोडाफार गंज येतोच." बर्निसनं त्याचा टाय धरून त्याचं नाक बरणीत बुडवलं. त्याच्या ओठावर फोड आले, बर्निस एक दिवस कोठडीत बसून आली, आणि सरकारी माणसं येऊन कारखान्याभोवती कुंपण घालून गेली. कुंपणावर पाटी लावली. माती उचलायला पैसे नाहीत म्हणाले.

त्यानंतर आला टॉड ब्रेनमन. बिल्डर. पांढरे दात, महागडे बूट, बोलायला साखर. त्याची योजना सभेच्या अध्यक्ष जोअन डायक्स्ट्रा यांनी समजावली. जोअन शाळेत शिकवायच्या, त्यामुळे सावकाश सांगायच्या.

"आज कारखान्याच्या जागेवर आणि टॅनरी स्ट्रीटवर जेवढी घरपट्टी येते, तेवढी गोठवायची. टॉड स्वतःच्या पैशानं माती साफ करणार, वर घरं बांधणार. मग पट्टी वाढेल. ती वाढ गावाच्या तिजोरीत न येता टॉडला, त्याचा खर्च फिटेपर्यंत."

"म्हणजे खुराडं आमचं आणि अंडी त्याची," मागून कुणीतरी म्हणालं.

"खुराड्यात आत्ता विष आहे, अंडी नाहीत," जोअन म्हणाल्या. खरंच होतं ते. योजना वाईट नव्हती, आणि मी हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं लोक योजनेलाच शिव्या घालायला लागले.

खोट होती ती टॉडमध्ये. पट्टी ठरते किमतीवर. आजची किंमत जितकी कमी, तितकी उद्याची वाढ मोठी, आणि ती वाढ त्याची. म्हणून योजनेवरचं मतदान लांबवत त्यानं टॅनरी स्ट्रीटवरची घरं एकेक करून विकत घेतली आणि पडू दिली. खिडक्या फुटल्या, कुणी तांब्याचे पाइप उपसून नेले, एका घरात दोन पोरं गर्दच्या भांडणात एकमेकांना भोसकून मेली. चालू रस्ता दीड वर्षात मसणवटा झाला. बर्निस म्हणायची, "आधी आजारी पाडायचं आणि मग डॉक्टर म्हणून यायचं." एकच घर उभं राहिलं, तिचं.

ती विकेना. पैशाचा प्रश्न नव्हता. "वॉल्टनं ती घाण मालकाच्या हुकमानं ह्याच जमिनीत ओतली," ती म्हणायची. "माझ्या घराखालची माती माझ्या डोळ्यांदेखत उचला. मग मी जाईन. त्याआधी मला हलवायचं तर शवपेटीत घालून हलवा."

तिचा मुलगा डॅरिल तोवर टॉडच्याच बांधकामाच्या टोळीत मुकादम लागला होता. पस्तिशीचा, बापासारखा रुंद, स्वभावानं मात्र मऊ. दर रविवारी जेवायला यायचा आणि दर रविवारी भांडण व्हायचं.

"आई, खोकतेस तू. बाबा असेच खोकायचे."

"तुझा बाप त्या हौदावर उभा होता. मी स्वयंपाकघरात उभी आहे."

"त्या स्वयंपाकघराखाली तोच हौद आहे! तू मरशील इथं!"

"मग टॉडला सांग, फुलं आण. सरळ माणूस आहे म्हणतोस ना?"

डॅरिलनं एकदा भिंतीवर मूठ मारली आणि प्लास्टर फोडलं. बर्निसनं त्याच्या हाताला पट्टी बांधली आणि त्याच्याकडूनच प्लास्टर भरून घेतलं. मला त्या पोराची कीव यायची. आईवर त्याचं प्रेम होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

आमचं अग्निशामक दल म्हणजे गावातलीच माणसं, न्हावी, प्लंबर, शाळेचा शिपाई. चौदा नोव्हेंबरला बारमध्ये दलाचा प्रमुख दरवर्षी ग्लास उंच करून तोच विनोद करायचा, "उद्या कुणी शेगडीसुद्धा पेटवू नका रे, आम्ही जंगलात आहोत!" दरवर्षी आम्ही हसायचो. त्या वर्षी शेजारच्या स्टुलावर डॅरिल होता. तोही हसला.

पंधरा तारखेला सकाळी मी शेडमध्ये होतो. नुकतंच माझं खुब्याचं हाड बदललं होतं, त्यामुळे मला जंगलाची बंदी आणि नशिबी कातड्यांना चिठ्ठ्या बांधणं. नऊच्या सुमारास पहिली दोन हरणं आली. बर्निस एकाचं पोट फाडून आतडी घमेल्यात ओढत होती, कोपरापर्यंत रक्तानं माखलेली. तेवढ्यात तिचा हात थांबला.

"लेनी, वास येतोय."

मला हरणाचाच वास येत होता. तिनं मात्र हातातलं सोडलं, टांगायचा मोकळा हूक उचलला आणि दाराबाहेर गेली. मी लंगडत मागं.

तळघराच्या बाहेरच्या दारातून धूर येत होता आणि एक माणूस पाठमोरा पायऱ्या चढून बाहेर येत होता. भडक नारिंगी कोट, नारिंगी पँट, नारिंगी टोपी, तोंडावर थंडीचा बुरखा. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक पुरुष असाच दिसतो. दुसऱ्या शिकाऱ्यानं हरीण समजून गोळी घालू नये म्हणून तो रंग असतो, आणि टपालपेटीपर्यंत जायलासुद्धा लोक त्यातच असतात. त्याच्या हातात पेट्रोलचा कॅन होता.

बर्निसनं हूक सरसावला. बारा ढांगांत अंगण ओलांडलं आणि हूक खालून वर असा मारला की तो जांघेत रुतला. माणूस किंचाळला. तिनं ओढलं. मांस फाटल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय, तो कापडासारखाच असतो. तो पालथा पडला. तिनं गुडघा त्याच्या पाठीत रोवला, मानगुटीला धरून तोंड दोनदा पायरीच्या दगडावर आपटलं, आणि मग बुरखा ओढून काढला.

"आई," डॅरिल म्हणाला. त्याचे दोन दात पायरीवर पडले होते.

रक्त उसळत होतं, ठोक्याठोक्याला. हरणाची नस कुठं असते ते बर्निसला ठाऊक, माणसाची काही फार लांब नसते. तिनं त्याला उताणा केला आणि मूठ जांघेत खोल घुसवली. पट्टा बांधायला तिथं जागाच नसते. दाबून धरायचं, बस.

"लेनी! शेडमधला आग विझवायचा सिलिंडर! आग अजून जिन्यावरच आहे, विझेल!"

विझलीही असती. जिन्याच्या चार लाकडांनाच तेव्हा आग होती. मी सिलिंडर आणला, दुसऱ्या पायरीवर खुबा सटकला आणि मी सिलिंडरसकट खाली गडगडलो. वर आलो तो हातांवर रांगत, भुवया जळालेल्या. अंगणातला नळ थंडीत पाणी गोठून फुटू नये म्हणून बंद करून ठेवलेला, आमच्याकडे सगळेच ठेवतात. दलाला फोन लावला तर तिकडं फक्त घंटा वाजत राहिली. शेवटी शेजारच्या गावाची अँब्युलन्स आणि बंब निघाले.

"बर्नी, तू जा!" मी ओरडलो. "मी धरतो पाय!"

"तुला जमायचं नाही. सुटलं तर दोन मिनिटांत जाईल."

तिनं घराकडे एकदा पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा पेटला होता, तिच्या आईनं विणलेला. मग तिनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. कुत्र्या, हरामखोरा, नालायका, डोळे उघडे ठेव, झोपलास तर जीव घेईन. एका बाजूनं घर कडकडत कोसळत होतं, ठिणग्या तिच्या पाठीवर पडत होत्या, सदऱ्याला भोकं पडत होती. मूठ तिनं सोडली नाही. अँब्युलन्सवाल्यांनी तिची बोटं एकेक करून उकलली.

पोलिसांना तिनं सांगितलं, तळघरातल्या घर गरम करायच्या भट्टीनं पेट घेतला, पोरगा मदतीला धावला आणि हुकावर पडला. मी मान हलवली. टॉड ब्रेनमननं सांत्वनाला डुकराच्या अख्ख्या मांडीचं भाजलेलं हॅम पाठवलं. तिनं ते त्याच्या गाडीच्या काचेवर फेकलं. काच तडकली.

ती शेडमध्येच राहायला गेली. जानेवारीत घरपट्टीसाठी किंमत ठरवणारा माणूस आला, राखेवरचं बर्फ बुटानं बाजूला सारलं आणि घराच्या जागी शून्य लावलं. शेवटचं घरही गेलं होतं. टॉडच्या हिशेबाला हवी तशी कोरी जमीन झाली.

मतदानाच्या दिवशी सभा भरगच्च होती. डॅरिलला बर्निसनंच बोलावलं होतं, तो कुबड्या घेऊन मागं बसला. मला काय ते समजलं होतं. ती गप्प राहिली तर पोरगा वाचतो आणि टॉड जिंकतो. बोलली तर पोरगा तुरुंगात. येताना गाडीत ती कोटाची बाही दातात धरून रडली होती. तिला रडताना मी वॉल्टच्या मरणातही पाहिलं नव्हतं.

टॉड उठला. "कुबियाकबाईंच्या घराचा तो दुर्दैवी अपघात..." त्यानं सुरुवात केली.

"डॅरिल," बर्निस बसल्या जागेवरून म्हणाली. "उठ. तू सांगतोस का मी सांगू?"

सगळे मागं वळले. डॅरिल पुढच्या खुर्चीला धरून उठला. मग कुबड्यांवर उभा राहिला.

"आग मी लावली," तो म्हणाला. "आई शेडमध्ये असणार, गावात कुणी नसणार, हे मला माहीत होतं. मला ती तिथून हलायला हवी होती. टॉड म्हणाला होता, ते घर नसतं तर तुझी आई जगली असती. पंधरा तारखेला गावात कोण असतं, हेही त्यानंच विचारलं. पेट्रोल त्याच्या आवारातलं."

"खोटं!" टॉड म्हणाला. "वेडसर आहे हा पोरगा, आईसारखाच..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण मी माझी काठी त्याच्या त्या पांढऱ्या दातांवर घातली. दुसरा फटका कानावर. तिसऱ्याला मला धरलं. मला दंड झाला, गावची झाडलोट करायची शिक्षा झाली, आणि काडीचाही पश्चात्ताप झाला नाही.

जोअन डायक्स्ट्रांनी मतदान तिथंच रद्द केलं. डॅरिलच्या हातात बेड्या पडल्या. त्याला दाराकडे नेताना तो आईपाशी थांबला. त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं.

"आई, एवढा वेळ माझा पाय धरून बसलीस, ते ह्यासाठी?"

"हो," बर्निस म्हणाली. "मेला असतास तर कबूल कुणी केलं असतं?" आणि तिनं त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली, बाहेर थंडी होती म्हणून.

टॉडही आत गेला, डॅरिलपेक्षा उशिरा आणि कमी दिवसांसाठी. वकील चांगला होता. पुढं तीच योजना घेऊन दुसरी बिल्डर आली, कमी बोलणारी एक बाई. वाढलेली पट्टी मातीच्या सफाईच्या खर्चाला, हाच हिशेब. ह्या खेपेला मशिनं खरोखर आली. बर्निस रोज कुंपणाशी उभी राहायची. तिच्या घराची जागा खणली तेव्हा सगळ्यात खोल आणि सगळ्यात पिवळी माती तिथंच निघाली. स्वयंपाकघराखाली हौद आहे, हे डॅरिल खरं बोलला होता. घर उभं असतं तर तिथपर्यंत मशिन पोचलंच नसतं. मी हे तिला बोलून दाखवलं आणि माझ्या उजव्या कानालाही शिट्टी लागली.

शेवटचा ट्रक गेला तेव्हा डॅरिल अजून आतच होता. तिनं शब्द पाळला. जमीन दिली आणि बदल्यात नव्या इमारतीत तळमजल्यावरची जागा मागितली. बिल्डरबाईंनी नकाशा पुढ्यात पसरला, खिडक्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं, तळघर नाही हेही सांगितलं. बर्निसचं लक्ष नव्हतं. तिनं फक्त विचारलं, निजायच्या खोल्या दोन आहेत ना?