तुळईकडं गेलेलं यंत्र

चाळिशीच्या आसपास मी फार हुशार होते. म्हणजे तसं मला वाटायचं. बारावी सायन्स एवढ्या भांडवलावर मी गिरणीवाल्याला मोटर कशी चालते ते समजावायची. मी दिसले की तो बिचारा रांग मोडून माझं दळण आधी काढून द्यायचा.

तेव्हा खुटबावात आमचं सुतारकामाचं दुकान होतं. ह्यांचा उजवा खांदा धरला आणि पटाशी-हातोडा चालेना. इकडे चर्चच्या नव्या ओसरीच्या सागवानी तुळया दुकानात येऊन पडलेल्या. प्रत्येक तुळईच्या टोकाला जाडजूड कुसू काढायचं, म्हणजे खांबाच्या खाचेत बसणारी जीभ. ते जमलं नाही तर दुकान बंद करून हे कंपनीत वॉचमन होणार होते. दौंडच्या बाजारातून शिट्टीसुद्धा आणून ठेवली होती.

मी म्हटलं, यंत्र बनवू. कडबाकुट्टीची मोटर काढली, भंगारातून लोखंडी अँगल आणले, करवतीचं गोल पातं आणलं. डोकं माझं, वेल्डिंग ह्यांचं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की आता म्हशीला कडबा काय दातानं तोडून घालायचा? इंजिनिअर माणसं असल्या प्रश्नांना उत्तरं देत नसतात.

यंत्र झालं. पाळकसाहेबांनी येऊन प्रार्थना केली. आता पात्यापुढं तुळई सरकवायची की कुसू तयार. फक्त तुळई सरकेना. ह्यांनी रेटली, दिरांनी रेटली, बाह्या सारून पाळकसाहेबांनी रेटली. शेवटी मोटर बंद आहे ना ते बघून मी यंत्राला पाठ लावली, तुळईला पाय लावले आणि जोर केला. तुळई तशीच. यंत्र मात्र फरशीवरून सुर्रकन मागं गेलं आणि मी मधल्या मोकळ्या जागेत धपकन बसले.

पाळकसाहेबांसमोर कुणी हसेना. मग हेच हसले, कितीतरी दिवसांनी.

"अगं, ती येत न्हाई म्हणती," हे म्हणाले, "तर आपणच जाऊ की तिच्याकडं."

"तेच तर दाखवत होते मी," मी बसल्या जागेवरून म्हणाले.

मग यंत्राचे पाय कापले, खाली बेअरिंगं बसवली, अँगलचेच रूळ केले. तुळई जागच्या जागी पडून राहिली आणि यंत्र तिच्या टोकावरून ये-जा करू लागलं. पहिलं कुसू खाचेला लावलं. ह्यांनी डाव्या हातानं मोगरीचा टोला दिला आणि ते आत जाऊन असं बसलं की फटीत नख जाईना.

ओसरी उभी राहिली, दुकानही राहिलं. शिट्टी अजून खुंटीला आहे. मोटर चालू करायच्या आधी हे ती वाजवतात, म्हणजे सगळ्यांनी बाजूला व्हावं. मी दुकानात असले की मात्र दोनदा वाजवतात. दुसऱ्यांदा कशाला, ते मी विचारत नाही.