चौकातल्या फळ्यावरचे इशारे

मानपाड्याला आमच्या चौकात, रिक्षा स्टँडला लागून, एक काळा फळा आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यावर रोज सकाळी खडूने राजकीय भाष्य लिहितात. सगळे त्यांना सर म्हणतात. ते स्वतःला 'आम्ही' म्हणतात. विषय रस्त्यातल्या खड्ड्याचा असला तरी सुरुवात जगातल्या युद्धांपासून होते, मध्ये लोकशाहीचा अंत जवळ येतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य: 'आम्ही इशारा दिला होता, याची इतिहासाने नोंद घ्यावी.'

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. संपाची पत्रकं जमिनीवर पसरून घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. थोडक्यात लिहायचं, थेट लिहायचं आणि खाली नाव टाकायचं, ही बाबांची शिकवण. त्यामुळे सरांचा फळा वाचला की माझं डोकं फिरायचं. चौकातली एवढी मोक्याची जागा, आणि हा माणूस तिथे इतिहासाशी गप्पा मारतो.

मागच्या वर्षी मी इन्स्टाग्रामवर त्यांची नक्कल करणारं एक निनावी पेज काढलं. 'वडापावातली चटणी कमी होण्यामागच्या जागतिक शक्ती आम्ही ओळखून आहोत.' 'लिफ्ट पुन्हा बंद. इतिहास जिन्याने येत आहे.' बघता बघता ते सगळीकडे पसरलं. भाजीवालीही कोथिंबीर देताना 'आम्ही इशारा दिला होता' म्हणायला लागली. मला फार भारी वाटायचं. बाबा मात्र हसले नाहीत. खाली नाव का नाही, एवढंच त्यांनी विचारलं. पत्रक थोडंच आहे ते, असं म्हणून मी विषय उडवला.

या उन्हाळ्यात बिल्डिंगमागच्या नाल्याचं पाणी गुलाबी दिसायला लागलं. संध्याकाळी असा उग्र वास सुटायचा की खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. तळमजल्यावरच्या वहिनींच्या बाळाचे डोळे सुजले. तेव्हा सरांनी पहिल्यांदाच जगाला बाजूला ठेवलं. नाल्यात कोणीतरी रसायन सोडतंय, मुलांना त्रास होतोय, रविवारी सकाळी इथे जमा, तक्रारीवर सगळ्यांच्या सह्या घेऊ, असं साधं लिहिलं. फक्त सवयीने खाली इशारा राहिला. लोकांनी तेवढाच वाचला. फळ्याचे फोटो माझ्याच पेजवर येऊन पडले: 'ॲडमिन, यावर एक होऊन जाऊ दे.'

रविवारी आम्ही तिघंच. सर, बाळाला कडेवर घेतलेल्या वहिनी आणि मी. स्टँडवरून एका रिक्षावाल्याने विचारलं, "सर, इतिहास जिन्यानेच येतोय का? उशीर झाला म्हणून विचारलं." स्टँड हसला. वाक्य माझं होतं. मी फळ्याकडे बघत राहिले.

सर माझ्याकडे वळले. "ते तूच लिहितेस, मला माहीत आहे," ते हळू म्हणाले. "वाक्यं तुझ्या बाबांच्या पत्रकांसारखी आहेत, तोकडी. हसलोही मी. पण आता मी काहीही लिहिलं तरी लोक हसतात. आज तू लिही." आणि त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

मी फळा पुसला. नाला, वास, बाळाचे डोळे, सह्या. चार ओळी, आणि खाली माझं नाव. मघाचाच रिक्षावाला जवळ येऊन वाचू लागला.

"एक नंबर, ताई," तो म्हणाला. "सेम टू सेम सर. आता खाली ते इशाऱ्याचं पण टाक ना."

हे खरं आहे, मी मनापासून लिहिलंय, नाव वाच माझं, असं मी सांगत होते. जितकं सांगत गेले तितका तो हसत गेला. मग त्याने फोटो काढला.

वहिनींनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "मग आपण तिघांनीच करायच्या का सह्या?"