सिर्गाकनं तपासलेलं यंत्र

बिश्केकच्या सिर्गाकचा हात मोठा चलाख. दिवसा कंपनीची नोकरी, आणि उरल्या वेळात जगभरचे लोक मिळून संगणकाची जी फुकटची प्रणाली चालवतात, तिच्यातल्या ड्रायव्हरांची साफसफाई. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला एखाद्या यंत्राशी बोलायला लावणारा कोड. तो बांधताना कंपायलर, म्हणजे कोड संगणकाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, वॉर्निंग देत कुरकुरतो: इथं हे जुळत नाही, तिथं ते वापरलंच नाही. सिर्गाक अशा कुरकुरी हुडकायचा, ओळ दुरुस्त करून पाठवायचा. दुरुस्तीखाली नाव लागायचं, आणि नावाचा गड्याला भलताच सोस.

एकदा संगणकावरचा मजकूर उठावाच्या टिंबांत दाखवणाऱ्या एका जुन्या ब्रेल यंत्राच्या कोडवर कंपायलर कुरकुरला. यंत्राकडून एक आकडा वाचून घेतला होता, पण पुढं कुठं वापरलाच नव्हता. सिर्गाकनं ती ओळच उडवली. आता बदल यंत्रावर तपासला का, तेही लिहायची रीत असते. यंत्र त्यानं बापजन्मात पाहिलं नव्हतं. तरी बेधडक लिहिलं, 'तपासलं'. कोण येतंय बघायला!

आली की बुरुलचा नावाची बाई; एजे, म्हणजे ताई, म्हणायचे तिला. काराकोल गावची, जन्मापासून आंधळी, अंध मुलांची पुस्तकं बोटांनी वाचून चुका काढणारी. त्या प्रणालीची नवी आवृत्ती घातल्यापासून तिच्या यंत्राची टिंबं वर येईनात. आपलंच यंत्र मेलं असं तिनं धरलं, कारण बदलाच्या नोंदीत 'तपासलं' असं होतं, आणि तपासणारा चक्क आपल्या मुलखातला निघाला. बिश्केकमध्ये कोण कुणाला ओळखत नाही? तिनं नंबर मिळवला आणि फोनवर हरखून सांगितलं, की असलं यंत्र देशात माझ्या एकटीकडंच उरलंय असं वाटत होतं. तुझ्या यंत्रावर एकदा बोटं फिरवून बघते, ते चालत असेल तर माझंच गेलं म्हणायचं, मग काम सोडते म्हणून कळवून टाकते.

नको म्हणायला सिर्गाकची जीभ रेटेना.

मार्श्रुत्का म्हणतात त्या वडाप गाडीनं ती आली, काखेत यंत्र आणि हातात त्याच्यासाठी काराकोलच्या आशलान-फूची, म्हणजे गार शेवयांच्या आंबट-तिखट रश्श्याची, पिशवी. त्यानं थाप तयार ठेवली होती: माझं दुरुस्तीला गेलंय. चहा ओतून झाला. तिनं टेबलावर दोन्ही हात पुढं केले.

"कुठंय तुझं, बाळा?"

त्या हातांकडं बघून थाप मारवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"नाहीये, एजे. कधीच नव्हतं. तपासलं म्हणून खोटं लिहिलं मी."

एजेनं आपलं यंत्र त्याच्यापुढं सरकवलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आता माझं जोडून बघ," ती म्हणाली.

त्यानं उडवलेली ओळ परत घातली. ते यंत्र दर वेळी उत्तर म्हणून तो आकडा पाठवायचं, आणि तो कुणी वाचून घेतल्याशिवाय पुढं हलायचंच नाही. आकड्याला किंमत नव्हती, वाचण्याला होती. कंपायलर पुन्हा कुरकुरला आणि टिंबं वर आली. एजेची बोटं त्यांच्यावर धावली, चेहरा फुलला. सिर्गाकला तिकडं बघवेना.

यंत्र गुंडाळून ती दाराशी थांबली.

"असं आणखी कशाकशावर लिहिलंयस?"

"बऱ्याच यंत्रांवर, एजे."

"त्यांच्या माणसांनाही वाटत असेल, आपलंच बिघडलंय," ती म्हणाली आणि काठी टेकत जिना उतरू लागली. हात द्यायला पुढं व्हावं असं त्याला वाटलं, पण धीर झाला नाही.